डोंगराईच्या ताटातली वाटी

रामकृष्णहरी, मायबाप. बसा, बसा, सतरंजी पुरेल सगळ्यांना. मागं मांडवात बुंदीची कढई चढली आहे हे मलाही कळतंय — नाक मलाही दिलंय देवानं! पण आज सप्त्याचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. काला वाटल्याशिवाय कुणाच्या पानात बुंदी पडायची नाही. तोवर तुम्ही माझ्या तावडीत.

तर मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो. कुणी प्रसाद पुढं केला आणि समोरचा माणूस म्हणाला, 'पुरे' — तर त्याला पाप लागतं का?

लागतं म्हणताय? पहिल्या रांगेतल्या मावशींनी तर कानाला हात लावला. बरं. ते उत्तर पदराला बांधून ठेवा. शेवटी पुन्हा विचारीन.

थोडे ज्याच्या पानी । धाला तोचि जनी ।
पुरे ज्याची वाणी । तोचि देव ॥

ही ओवी कुठल्या संताची नाही हो, माझीच आहे. म्हणून जरा लंगडते. धाला म्हणजे तृप्त झाला. थोडक्यात जो धाला, तो देवाच्या जवळचा. आता तुम्ही म्हणाल, बुवा, बोलायला सोपं आहे! आमच्या पखवाजवाल्या बापूंनी सकाळी चार वेळा पोहे मागून घेतले, त्यांचं काय? त्यांचं त्यांना विचारा. मी तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगतो.

आंबेदरी म्हणून गाव आहे, डोंगराच्या पायथ्याला. वर डोंगराईचं ठाणं. पायऱ्या किती? तीनशे चौऱ्याहत्तर. खाली गुरवाचं घर. म्हाळू गुरव पुजारी, आणि त्याची बायको द्वारका. सगळं गाव तिला द्वारकाक्का म्हणतं. देवीचा रोजचा नैवेद्य तिच्या हातचा. पहाटे उठायचं, अंघोळ करायची, चूल पेटवायची. ताटात मुदीचा भात, वरण, एक भाजी, एवढीशी पुरणाची गोळी, आणि चांदीच्या वाटीत दूध. वर केळीचं पान झाकायचं आणि ताट म्हाळूच्या हातात द्यायचं. म्हाळू डोंगर चढणार. सव्वीस वर्षं हा नेम.

आणि आता नवल ऐका. सव्वीस वर्षं जिनं देवीला जेवू घातलं, तिनं देवी पाहिलीच नव्हती!

लग्नात एकदा गेली होती वर. तेव्हा खाली मान, डोळ्यांपर्यंत पदर, मागून बायकांची रेटारेटी. पाहिली न पाहिली. मग बाळंतपणं झाली, अंग सुटत गेलं, सुटतच गेलं. एकशे चोवीस किलो! गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, चाळीस पायऱ्यांवर श्वास तुटायचा. म्हाळू खाली आला की ती दारातच विचारायची, "आज कुठलं लुगडं नेसवलंत आईला?" तो सांगायचा, हिरवं, कधी पिवळं. तेवढ्यावर ती मनात देवी उभी करायची. उंच, भव्य, दहा हातांची.

गावातले लोक काय म्हणायचे? लोकांच्या तोंडाला कधी हात लावता आलाय? "अक्का, देवीचा नैवेद्य वाटेतच संपतो वाटतं!" असं म्हणून हसायचे. अक्काही हसायची. घरात येऊन पदर तोंडात धरून रडायची. पुढं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं, "बाई, तुम्ही हावऱ्या नाही. हा आजार आहे. मनाला लावून घेऊ नका." ते ऐकून ती पुन्हा रडली, पण ते रडणं निराळं होतं.

डॉक्टर म्हणाले, पोटाचं ऑपरेशन करू. म्हाळू घाबरला. म्हणाला, "अगं, जिवावर बेतलं म्हंजे?" अक्का म्हणाली, "आत्ता तरी जीव कुठं जाग्यावर हाय? मला एकदा आई बघायचीय."

मंडळी, ऑपरेशनात काय केलं माहीत आहे? आतली पिशवी असते ना, ज्यात अन्न जातं, तिचे पाचांतले चार भाग काढून टाकले. उरलं किती? एका केळ्याएवढं. विचार करा! आपण ह्या पिशवीसाठी जन्मभर धावतो, भांडतो, भावाच्या बांधावर कुऱ्हाड घेऊन जातो. आणि केळ्याएवढ्या पिशवीवर बाई जगली! नुसती जगली नाही, सुखानं जगली. देवानं हे शरीर काय बनवलंय!

ऑपरेशननंतर तिला पाणी दिलं, दोन घोट. दोन घोट गेले आणि आतून काहीतरी म्हणालं — पुरे. अक्का दचकली. पन्नास वर्षांत पोट तिच्याशी कधी बोललं नव्हतं. ती म्हाळूला म्हणाली, "अवो, माझं पोट भरलं." आणि नवऱ्याकडं बघतच राहिली.

तिथं आहार सांगायला एक बाई होत्या, मुजावर मॅडम. त्यांनी नेम घालून दिले. आधी डाळ, मोडाची मटकी, अंडं, पनीर. भाकरी-भात शेवटी, जागा उरली तर. एकेक घास पीठ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं. गोळ्या जन्मभर. पोट 'पुरे' म्हणालं की हात धुवायचा, मग पानात सोनं का उरेना. आणि जे तोंडात गेलं ते वहीत लिहायचं.

चौदा महिन्यांत पंचेचाळीस किलो उतरली! आधी चाळीस पायऱ्या, मग शंभर, मग दोनशे. चैत्रात एका सकाळी द्वारकाक्का नैवेद्याचं ताट स्वतःच्या हातात घेऊन तीनशे चौऱ्याहत्तरावी पायरी चढली.

गाभाऱ्यात गेली आणि थबकली. दहा हातांची, उंच, भव्य कुणी नव्हतीच. शेंदूर लावलेला नारळाएवढा तांदळा, म्हणजे बिनघडीव दगड, त्याला वीतभर लुगडं, दोन चांदीचे डोळे. अक्का म्हणाली, "आई, एवढीशी गं तू?" पंचक्रोशी जिच्या नावानं पेरते, जिच्या नावानं लेकरांची जावळं काढते, ती एवढीशी! अक्का खाली बसली आणि तासभर उठली नाही.

संपली का गोष्ट? नाही. डोंगर चढणं सोपं असतं मंडळी, वर राहणं अवघड. खरी गोष्ट आता सुरू होते.

अक्काचं नाव झालं. देवीची कृपा झालेली बाई! नवस फेडणारा प्रत्येक जण तिच्या हातावर आधी प्रसाद ठेवायला लागला. मंगळवारी पेढा, गुरुवारी दत्ताचा शिरा, शनिवारी मारुतीचं खोबरं-साखर, पौर्णिमेला सत्यनारायण. सुरुवातीला ती चिमूटभर घ्यायची. मग गावात सप्ता बसला. एक बुवा आले, मोठ्या आवाजाचे. व्यासपीठावरून गरजले, "प्रसादाला नाही म्हणणारा देवाला नाही म्हणतो!" अक्का पहिल्या रांगेत होती. तिनं ते काळजात ठेवलं आणि त्या दिवसापासून प्रसादाला नाही म्हणणं बंद केलं.

आणि वही? वही चोख! अर्धी वाटी मूग, एक अंडं, वाटीभर ताक — सगळं खरं. प्रसाद मात्र वहीत नाही. का नाही? अहो, प्रसाद म्हणजे काय खाणं आहे का? हसू नका. तुमच्यातल्या कुणी आजवर प्रसाद मोजलाय? घरातून उपाशी निघायचं, पाच देवळं करून यायचं, आणि ढेकर देत म्हणायचं, सकाळपासून पोटात काही नाही!

एकदम घास मावायचा नाही, पण पेढा हळूच विरघळतो. शिरा घसरतो. ते केळ्याएवढं पोट सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडं थोडं घेत राहिलं. एकोणऐंशीचे त्र्याण्णव झाले. साखर परत आली, गुडघे परत बोलायला लागले. नवरात्रात अक्का ताट घेऊन निघाली, आणि एकशे विसाव्या पायरीवर बसली. उठवेना. म्हाळूनं तिच्या हातातलं ताट घेतलं आणि वर गेला. परत आला तेव्हा तिनं विचारलं नाही, तोच म्हणाला, "जांभळं नेसवलंय." तिचे डोळे भरून आले. आई एकदा दिसली होती, आता पुन्हा दिसत नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

शेवटी वैशाखात अक्का मुजावर मॅडमकडं गेली. मॅडमनी वही वाचली. "अक्का, हे सगळं खरं?"

"डोंगराईची शपथ."

"मग पदरात काय बांधलंय?"

"तुमच्यासाठी पेढं आणल्यात. देवीचा प्रसाद हाय."

"ह्यातले तुम्ही किती खाल्लेत?"

"दोन. पर ते परसादाचं हाय, मॅडम."

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अक्का, माझं माहेर दर्ग्याला लागून. उरुसात घरात मलिद्याच्या पराती भरलेल्या असायच्या. आम्हीपण म्हणायचो, पीरबाबाचं आहे, त्याला कशाला मोजायचं. माझे अब्बा साखरेनं गेले. देवाचं असलं तरी जातं पोटातच, अक्का. वहीत लिहा."

अक्का घरी आली, पण पेन उचलेना. देवाच्या घरचं मोजायचं, नको म्हणायचं? बुवा तर म्हणालेत पाप आहे! एकीकडं डोंगर, एकीकडं पाप. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी नेहमीसारखी नैवेद्य वाढायला बसली. चमचाभर वरण घातलं, लिंबाएवढी मूद ठेवली आणि चांदीची वाटी हातात घेतली. हात तिथंच राहिला.

किती हो, किती लहान वाटी! करंगळीचं दीड पेर खोल. सव्वीस-सत्तावीस वर्षं ती वाटी भरत होती, आणि तिनं कधी पाहिली नव्हती. पंचक्रोशीची आई, आणि जेवण एवढंसं! कधी म्हणाली का, अजून वाढ? कधी ताट रिकामं आलं का? जसं गेलं तसं परत येतं, आणि तरी ती तृप्त! आणि आपण देवीला कधी आग्रह केला का? 'आई, एक लाडू घ्याच, माझ्या गळ्याची आण आहे' — असं कुणी देवीला म्हणतं का? अक्कानं वाटी खाली ठेवली.

तिनं म्हाळूला हाक मारली. "ह्या मापाची एक वाटी आणा मला बाजारातनं. स्टीलची चालंल."

म्हाळू चपापला. "देवीच्या मापाची? अगं, तिची बरोबरी करतीस व्हय?"

"बरोबरी न्हाई ओ. तिची शिकवणी लावलीय."

म्हाळूनं पाणी ओतून ओतून वाटी मापली आणि आणली. त्या दिवसापासून अक्काचं ताट देवीच्या ताटाएवढं. मॅडमनी सांगितलेलंच अन्न, आधी मटकी-अंडं, पण माप आईचं. आणि वहीत नवीन ओळ सुरू झाली — प्रसाद, एक कण.

किती महिने लागले? अकरा. उतरायला वेळ लागतो हो, चढायला फक्त पेढे लागतात. ह्या चैत्रात एक्क्याऐंशी किलोची द्वारकाक्का ताट घेऊन पुन्हा वर गेली. गाभाऱ्यात एक बाई नवस फेडायला आली होती. तिनं मुठीएवढा लाडू अक्काच्या हातावर ठेवला. "घ्याच अक्का. आईचा प्रसाद. सगळा संपवायचा."

सगळी माणसं बघायला लागली. अक्कानं देवीकडं पाहिलं. लाडवाचा एक कण मोडला, डोळ्यांना लावला, तोंडात ठेवला आणि म्हणाली, "पुरे."

बाईचं तोंड उतरलं. "प्रसादाला पुरे म्हणता, अक्का?"

अक्का शांतपणे म्हणाली, "बाय माझी, आईनं केवढा खाल्ला गं? तुझा लाडू तिच्यापुढनं जसाच्या तसा आला का न्हाई? ती नुसत्या नजरेनं धाली. मी तर कण खाल्लाय. तिच्यापरीस जास्तच झाला."

ती बाई अक्काच्या पाया पडली. अक्का लाडू घेऊन उतरायला लागली आणि भेटेल त्याच्या हातावर एकेक कण ठेवत गेली. म्हातारे, लेकुरवाळ्या, फुलं विकणारी, पायऱ्या झाडणारा. एक लाडू, तीनशे चौऱ्याहत्तर पायऱ्या! पायथ्याशी आली तेव्हा तळहातावर एक कण उरला होता. तो तिनं म्हाळूला दिला आणि म्हणाली, "आज पोपटी नेसलीय आई. मी बघून आले."

मंडळी, आता एक राहिलं. सप्त्यात गरजलेले ते मोठ्या आवाजाचे बुवा कोण होते, विचारलं नाहीत तुम्ही.

मी.

ह्याच तोंडानं बोललो होतो. टाळ्या घेतल्या होत्या. एका बाईचं देवीचं दर्शन दीड वर्ष माझ्या एका वाक्यानं अडवलं. चैत्रात ती मला भेटली, तेव्हा मी माफी मागितली. ती म्हणाली, "बुवा, तुमी सांगितलं ते खोटं न्हवतं. माप सांगायचं ऱ्हाईलं होतं."

म्हणून आज माप सांगायला आलोय. आता पदराची गाठ सोडा आणि उत्तर द्या. पुरे म्हणणाऱ्याला पाप लागतं का? मावशी, मान हलली बरं का तुमची. पाप लागलंच तर 'घ्याच' म्हणणाऱ्याला लागेल. जाड माणसाला हसायचं आपणच, तो बारीक झाला की 'घास घे की, काय होतंय' म्हणायचं आपणच. नको म्हणणाऱ्याच्या पानात बुंदी टाकतो ते प्रेम नव्हे मायबाप, तो आपला हट्ट असतो.

द्वारकाक्का आज इथं आली आहे. ह्याच मांडवात बसली आहे. इकडं तिकडं बघू नका, कुठं ते मी सांगणार नाही. म्हणजे आज पंगतीत तुम्हाला कुणालाच आग्रह करता यायचा नाही! जिला आग्रह कराल, तीच अक्का निघायची.

फोडा आता हंडी. माणसं शेकडो आणि दही-पोह्याची हंडी एक, तरी काला आजवर कुणाला कमी पडलेला नाही. उजवा हात पुढं करा, त्याखाली डावा. कण येईल. डोळ्यांना लावा, तोंडात ठेवा, आणि आतून कोण काय म्हणतंय ते जरा ऐका.