स्पीकर काळे की पांढरे

बायको: दोन जोड्या? दोन कशाला? अहो, कॉम्प्युटर एकच आहे माझा!

नवरा: आधी ऐकून तर घे. एक जोडी ठेवायची, एक परत करायची. दुकानदाराशी तसं बोलूनच आलोय. काळी की पांढरी, एवढंच उरलंय आता.

बायको: "एवढंच उरलंय" हे गेल्या आठवड्यातही ऐकलं होतं मी. तेव्हा लांबट की चौकोनी, एवढंच उरलं होतं.

नवरा: लांबट बाद झाला. आवाजाचं बटण मागच्या अंगाला होतं त्याचं. दरवेळी हात वाकडा करून चाचपडत बसली असतीस.

बायको: बसले असते! आनंदाने बसले असते! टेबलावर ठेवायचे चिमुकले स्पीकर, यूएसबीत वायर खुपसली की चालणारे. दुकानात जायचं, बोट दाखवायचं, पिशवीत घालून घरी यायचं. लोक ह्याहून कमी वेळात सून पसंत करतात हो.

नवरा: आणि मग जन्मभर भोगतात.

बायको: विनोद नकोत. चिऊचा ऑनलाइन तास सुरू व्हायला किती वेळ उरलाय बघा जरा घड्याळात.

नवरा: आहे पुष्कळ वेळ. हे बघ, मी तक्ता केलाय. ह्या रकान्यात काळी, ह्यात पांढरी. लांबी, रुंदी, वायरची लांबी, बटणाची जागा, खाली रबर आहे की नाही...

बायको: रबर?

नवरा: रबर नसेल तर आवाज मोठा केला की टेबलावर सरकतात. कोणी सांगत नाही हे. विचारावं लागतं.

बायको: आणि तुम्ही विचारलंत.

नवरा: अर्थात विचारलं. आयुष्यभर कंपनीची खरेदी सांभाळली मी. तीन दुकानांचे दर समोर असल्याशिवाय साधा झाडू घेतला नाही. माझ्या हाताखाली एकदाही माल परत गेला नाही.

बायको: परत जाईल कसा? तो यायचाच नाही!

नवरा: हे मात्र अन्यायाचं बोलणं झालं.

बायको: बरं, चुकले. पाया पडते, ह्यातली कुठलीही एक जोडी जोडा. आत्ता.

नवरा: जोडतो ना. पण आधी समजून घे, म्हणजे नंतर माझ्या नावाने खडे फोडायला नकोत. काळी जोडी यूएसबीतून फक्त वीज घेते. आवाजासाठी तिला वेगळी पिन आहे, ती कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात जाते. पांढरीचं तसं नाही. वीज आणि आवाज, दोन्ही एकाच वायरीतून.

बायको: मग पांढरी! मिटलं.

नवरा: मिटलं कसं? पांढरीची वायर आखूड आहे. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली, स्पीकर टेबलावर. मागून वर यायला पुरेल असं वाटत नाही. पुढे लावावी तर पुढची एक यूएसबी कॅमेऱ्याने अडवलीय आणि दुसरी सैल. मग एका यूएसबीच्या चार करणारा हब घ्यावा लागेल. तो साधा घेतला तर वीज कमी पडते, म्हणून वेगळी वीज घेणारा घ्यायचा. मग त्यासाठी भिंतीत सॉकेट...

बायको: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

नवरा: तेच म्हणतोय मी! म्हणून काळी. काळीच्या वायरी लांब आहेत. पण काळीला निळा दिवा आहे. लुकलुकतो. तुझ्या पेशंटचं लक्ष जाईल.

बायको: पेशंट पलीकडे असतात हो, स्क्रीनच्या पलीकडे. त्यांना माझं तोंड दिसतं, स्पीकर नाही.

नवरा: मग तुझं लक्ष जाईल.

बायको: माझं लक्ष! माझं लक्ष कुठे असतं हे विचारलंत कधी? बसा. तो तक्ता ठेवा बाजूला आणि बसा जरा.

नवरा: अगं, बसून काय होणार आहे? स्पीकरची घरघर तपासायचीय अजून. बटण पूर्ण बारीक करून ऐकायचं, मग अर्धं, मग...

बायको: बसा म्हटलं ना!

नवरा: बसलो.

बायको: माझ्या कानात बुरशी झाली तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते? तुम्हीच आला होतात बरोबर.

नवरा: कानात काही घालायचं नाही. इअरफोन बंद.

बायको: तेव्हापासून मी ह्या जुन्या स्पीकरवर स्पीच थेरपीचे तास घेतेय. एक बाजू मेलेली, दुसरीची वायर सैल. आवाज मधेच तुटतो, मधेच येतो. तुम्हाला सांगितलं, नवीन आणा. कारण मला दुकानात जायला सवड नाही आणि तुम्हाला आहे. बरोबर?

नवरा: बरोबर. आणि मी त्याच दिवशी कामाला लागलो. त्याच दिवशी!

बायको: लागलात. आता मंगळवारचं ऐका. चिऊ बोलताना अडते, माहितीये ना? नुसती तोतरी नाही ती. शब्द तोंडाशी येतो आणि घट्ट रुतून बसतो. ओठ मिटलेले, श्वाससुद्धा थांबलेला. तेव्हा आपण काय करायचं असतं? काहीच नाही. आपण तो शब्द पुरा करायचा नाही, "सावकाश बोल" म्हणायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. नुसतं थांबायचं. मी दुसरं काय करते दिवसभर? थांबते. थांबण्याची फी घेते मी.

नवरा: हो, ते मला...

बायको: मधे बोलू नका. मंगळवारी ती मला शाळेतली गोष्ट सांगत होती. स्वतःहून. मी विचारलंही नव्हतं. आणि मधेच गप्प झाली. मला वाटलं, हा मेला स्पीकर तुटला. तिचं चित्रही अंधुकच होतं, ओठ कुठे दिसताहेत! मी म्हणाले, "चिऊ, ऐकू नाही आलं, पुन्हा बोल."

नवरा: आणि स्पीकर तुटलाच नव्हता.

बायको: नव्हता तुटला. ती शब्दाशी झुंजत होती. अगदी दारापर्यंत आणला होता तिने तो, आणि मी दार लावलं. तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडली. ह्या वेळी खरंच तुटला होता का, देव जाणे. मी पुन्हा विचारलं. एकदा नाही, तीनदा विचारलं मी त्या पोरीला. सगळं जग तिला हेच विचारतं हो. शाळा विचारते, शेजारी विचारतात, तिचा बाप विचारतो. न विचारणारी एक मी होते.

नवरा: मग?

बायको: मग काय! त्यानंतर ती बोललेली नाही. तासाला येते, वेळेवर येते, शहाण्यासारखी बसते आणि टाइप करते. मी विचारते, ती खाली लिहून दाखवते. हसून लिहिते वर. काल तिच्या आईचा फोन होता, घरीही पाटीवर लिहायला लागलीय म्हणाली. इतक्या महिन्यांत जे कमावलं होतं ना, ते ह्या सैल वायरीने घालवलं. आणि तुम्ही मला रबर सांगताय!

नवरा: मला हे बोलली नाहीस तू.

बायको: काय बोलू? तुम्ही जेवतानाही वायरींची लांबी सांगत होता.

नवरा: हं.

बायको: "हं" काय? अहो, चिडचिड होते माझी! एवढा शहाणा माणूस, एवढी मोठी खरेदी केलेली, आणि दोन वीतभर डबड्यांपाशी घोडं अडतं कसं? मला खरंच कळत नाहीये.

नवरा: अडत नव्हतं.

बायको: म्हणजे?

नवरा: पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. काळे चांगले आहेत. पण घेतले की संपलं ना ते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठे जायचं? निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही आणायला सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस. आता त्या दुकानातला माणूस मला बघितलं की खुर्ची पुढे करतो. "या साहेब" म्हणतो.

बायको: आणि मी इथे...

नवरा: मला माहीत नव्हतं गं. पोरीचं खरंच माहीत नव्हतं.

बायको: कळलं. तुमच्यावर ओरडून ती बोलणार नाहीये, हेही कळतंय मला. पण आता उठा. पांढरे लावा, एक वायर आहे, पटकन लागतील.

नवरा: वायर पुरणार नाही.

बायको: तर डबा उचलून खुर्चीवर ठेवा! काहीही करा!

नवरा: सरक जरा, मला खाली शिरू दे. हा जुना काढतो. अगं, किती जळमटं आहेत इथे.

बायको: जळमटांची पाहणी नंतर.

नवरा: वायर आली का वर?

बायको: आली. पुरली की हो! वर वीतभर उरलीसुद्धा.

नवरा: पुरली? तक्त्यात तर... खोक्यावर चूक छापलंय म्हणजे. बघितलंस? म्हणून तपासावं लागतं.

(कॉम्प्युटरवर घंटी वाजते.)

बायको: आली ती. बाहेर या.

नवरा: थांब, पाठ धरलीय. तू घे तिला, मी गप्प पडून राहतो.

बायको: ये चिऊ, ये. दिसतेय का मी? हं, लिहिलंस "हो". छान. माझे ना, आज नवीन स्पीकर आलेत. तुझ्याकडचं सगळं स्वच्छ ऐकू येतंय. आत्ता खुर्ची करकरली ना तुझी?

नवरा: आई गं! डोकं!

बायको: अहो!

नवरा: टेबलाची कड लागली. काही नाही, चालू दे तुमचं.

बायको: हसतेयस? हस बाई, हस. काय लिहिलंस? "खाली कोण आहे?" ते काका आहेत, चिऊ. माझे मिस्टर. स्पीकर लावायला शिरले आणि आता निघता येत नाहीये त्यांना.

नवरा: कोण, चिऊ का? बरी सापडलीस. बाळा, एक मत हवंय मला. ह्या मावशीला घाई फार, तिला विचारून उपयोग नाही. काळे स्पीकर घ्यावेत की पांढरे?

बायको: अहो, नको. तिला असं एकदम...

नवरा: तू दाखव तिला दोन्ही. कॅमेऱ्यासमोर धर.

बायको: हे काळे. आणि हे लावलेत ते पांढरे. तुला वाटलं तर सांग हं चिऊ, नाहीतर राहू दे. बघा, लिहिलं तिने.

नवरा: अगं, मला इथून काय दिसणार? माझ्यासमोर तुझे पाय आहेत आणि भिंत आहे. लिहिलेलं मला पोचत नाही, बाळा. सवडीने सांग. मी काही इथून उठत नाही.

बायको: अहो...

नवरा: का गं? आवाज गेला का? वायर निघाली वाटतं. थांब, हलवून बघतो.

बायको: हात लावू नका!

नवरा: पण काहीच येत नाहीये.

बायको: येतंय. नीट ऐका. पंखा फिरतोय तिच्या खोलीत. ऐकू येतोय ना? आवाज आहे. तीही आहे. पडून राहा.

नवरा: हो, पंखाच आहे.

चिऊ: क... क... काळे.

नवरा: काळे. बरं. कारण काय?

बायको: कारण कशाला विचारताय!

नवरा: कारणाशिवाय खरेदी होत नाही. सांग गं तू.

चिऊ: पां... पांढरे म... म... मळतील.

नवरा: मळतील! अगं, हा मुद्दा माझ्या तक्त्यातच नाही! एवढी दुकानं पालथी घातली, एकानेही सांगितलं नाही मला. ऐकलंस का तू?

बायको: ऐकलं.

नवरा: स्पष्ट म्हणाली, मळतील.

बायको: ऐकलं म्हटलं ना! बहिरी नाही मी.

नवरा: रडतेयस की काय?

बायको: गप्प बसा.

चिऊ: काका... अ... अजून काय नि... नि... निवडायचंय?

नवरा: अजून? अजून काही नाही गं बाळा. एवढंच होतं. ठरलं आता, काळे.

बायको: ठरलं कसं? खुर्ची राहिली की!

नवरा: कुठली खुर्ची?

बायको: माझी. चिऊ, मला बसायला नवीन खुर्ची घ्यायचीय, आणि ह्या काकांना त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. कशी घेऊ, तू सांग.