काचेतली प्रत

सत्त्याण्णव साली क्योतोच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तसे मितालीचे कान टवकारले. सासरे आणि सून; विद्यापीठातलं जुनं पुस्तक पाहून परतत होते.

"बाबा, चारशे वर्षांपूर्वी व्हेनिसला छापलेली ती. कॅथलिक मुलांना धर्म शिकवायची, प्रश्नोत्तरांची पुस्तिका. जगात एवढी एकच प्रत उरलीय."

"मग रडवेली का झालीस?"

"सर म्हणतात, एकच उरली म्हणजे पुस्तिका खपलीच नसणार. मग माझा प्रबंध उभा राहायचा कशावर?"

"तुझ्या सरांनी छापखाना पाहिलाय का कधी? अगं, त्या प्रतीची पानं कडेला जोडलेलीच आहेत, कोणी कापलीच नाहीत. न वाचलेली, म्हणून उरली. बाकीच्या प्रती पोरांनी वाचून वाचून संपवल्या."

"कशावरून?"

मितालीचा स्टॉप आला. ती उठली नाही.

"तीस वर्षं छापखान्यात अंकलिपीचे खिळे जुळवले मी. आपल्या घरी एक तरी प्रत दिसली तुला?"

"नाही."

"एक आणली होती. तुझ्या नवऱ्याने चिंध्या केल्या तिच्या."

"अय्या! रागावलात?"

"रागावतो कशाला? पाठ झाली होती त्याला."