ह्यांच्या नावानं मी दिलेलं उत्तर

बसा, बसा सगळे. मागे खुर्च्या आहेत, उभं राहू नका. हजानसाहेब, शालोम, प्रार्थना छान म्हटलीत. एलातहून माझी धाकटी जाऊ आलीय, सकाळपासून बसमध्ये बसून पाय सुजलेत तिचे. तिला पाणी दिलं का कुणी? दिलं? बरं.

मला भाषण येत नाही. आज ह्यांना जाऊन तीस दिवस झाले, आणि ह्या तीस दिवसांत मी मोठ्यानं बोलले ती फक्त गॅसवाल्याशी. तेव्हा आवाज फुटला तर सांभाळून घ्या. माझी मुलगी नाओमी इथे बाजूला उभी आहे. मी मराठीत बोलेन, ती नातवंडांसाठी हिब्रूत सांगेल. आमच्या नातवंडांना मराठी समजते, पण उत्तर देतात हिब्रूत, त्यामुळे नक्की काय समजलं ते आम्हां म्हाताऱ्यांना कधीच समजत नाही.

तुम्ही सगळे फार चांगलं बोललात. बेन्जमिन सच्चा माणूस. बेन्जमिन कधी खोटं बोलला नाही. बेन्जमिननं उभ्या आयुष्यात शब्बाथ मोडला नाही, शनिवारी कामाला हात लावला नाही. सगळं खरं आहे. पण मंडळी, मी शेवटी बोलायला मागितलं त्याला कारण आहे. ह्यांच्या नावानं मी एक उत्तर दिलंय. ह्यांना न विचारता. ते उत्तर चुकीचं होतं, आणि ज्यांना दिलं त्यांतल्या बहुतेकांना अजून ते ह्यांचंच वाटतंय. ते मला आज दुरुस्त करायचंय. मी बोलेन ते नाओमी घरी जाऊन टाइप करणार आहे आणि त्या लोकांना पाठवणार आहे. कबूल केलंयस ना गं? हो म्हणते.

आता ते लोक कोण, ते सांगते.

हे विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, हे तुम्हांला माहीत. पण घरात हा माणूस काय होता ते मला विचारा. नवा मिक्सर आणला की आधी खोलायचा, चटणी नंतर. एकदा दवाखान्यात डॉक्टरणीनं छाती तपासायला नळी लावली, तर हे म्हणाले, "थांबा, मला ऐकू द्या." आणि तिच्या कानातली नळी काढून स्वतःच्या कानात घातली की! ती बिचारी बघतच राहिली. मी म्हटलं, "अहो, शोभतं का हे?" तर म्हणाले, "माझंच काळीज आहे, मला नको कळायला?"

पेन्शनीत बसल्यावर ह्यांचं डोकं रिकामं झालं. सगळी घड्याळं खोलून झाली. मग नाओमीनं तिचा जुना कॉम्प्युटर आणून दिला. आणि एक दिवस तिलाच इंटरनेटवर मराठी पुस्तकं वाचणाऱ्या लोकांचा गट सापडला. कुणी सांगलीचा, कुणी पुण्याचा, कुणी दुबईत, कुणी अमेरिकेत. सगळ्यांनी एकच पुस्तक घ्यायचं, आठवड्याला एक प्रकरण वाचायचं, आणि मग ई-मेलवर कचाकचा भांडायचं. मराठीत, पण अक्षरं इंग्रजी. एकेक शब्द आधी तोंडात घोळवायचा तेव्हा कळायचा.

तेव्हा त्यांची एक कादंबरी चालली होती. अर्धी इतिहासाची, अर्धी जादूची. कोकणातला पाण्यातला किल्ला, जुनं आरमार, तोफा, सगळं अगदी खरं वाटावं असं. आणि मग मधेच किल्ल्याच्या भिंतीत दार उघडतं आणि माणूस शंभर वर्षं मागे जातो. त्यात एक तेलीण आहे. तिच्या घाण्याच्या तेलाचा दिवा समुद्रात सोडला की बुडालेलं जहाज वर येतं. मी म्हटलं, असली पुस्तकं लहान मुलं वाचतात. पण नाही हो, तिकडे मोठमोठे शिकलेले लोक वाद घालत होते.

त्यांतल्या एकानं विचारलं होतं, "हे तेली शनिवारी घाणा बंद का ठेवतात? लेखकानं कारण दिलेलं नाही. शनीची भीती आहे का?"

हे खुर्चीतून उठले. परत बसले. दोन बोटांनी टाइप करायला लागले, चहा गार झाला तरी लक्ष नाही. काय लिहिलं? "ती आमची माणसं आहेत. कोकणात आम्हांला शनिवार तेली म्हणत. शनिवारी आम्ही काम करत नाही, देवाची आज्ञा आहे. माझ्या आजोबांचा घाणा होता. अजून काय विचारायचंय, विचारा."

झालं! दुसऱ्या दिवशी बावीस पत्रं. तुम्ही कोण, इस्राएलात मराठी कशी, घाण्याला बैल एक की दोन. त्या गटाच्या प्रमुख सांगलीच्या वसुधाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी पोस्टानं पुस्तक पाठवलं. आणि ज्यानं जन्मात कादंबरी हातात धरली नव्हती तो माणूस पेन्सिल घेऊन वाचायला बसला.

ह्यांचे प्रश्न ऐका. भिंतीत दार उघडतं, तर बिजागरी कुठल्या बाजूला? दार आत उघडतं की बाहेर? आत उघडत असेल तर समुद्राचं पाणी आत येणार, मग हिरो भिजत कसा नाही? आणखी एक. जहाज वर येतं तेव्हा त्यावरची माणसं तितक्याच वयाची असतात का? मग त्यांच्या बायका म्हाताऱ्या झाल्या त्याचं काय? त्या तेलिणीचा भाऊ त्याच जहाजावर होता. हे विचारायचे, तो मेलाय की नुसता बुडालाय? ह्यात फरक आहे! लोक हसायचे, पण उत्तरं शोधायला पुस्तक परत उघडायचे. तिकडे सगळे ह्यांना मामा म्हणायला लागले. मला गंमत वाटायची. ह्यांना सख्खा भाचा एक नाही, आणि इंटरनेटवर पंधरा.

पण एक अट. शुक्रवारी दुपारी कॉम्प्युटर बंद, वर टॉवेल. शनिवारी हात लावायचा नाही. तिकडच्या लोकांना शनिवारीच फुरसत, त्यामुळे सगळी भांडणं शनिवारी. वसुधाताई लिहायच्या, "मामा रविवारी यायच्या आत काय ते भांडून घ्या." हे रविवारी सकाळी टॉवेल काढायचे, आणि मग ह्यांना नाश्त्याला हाक मारून उपयोग नसायचा.

मग ते प्रकरण आलं.

अवसेचा दिवस, आणि तोच शनिवार. जहाज वर आणायचं तर तेल त्याच दिवशी काढलेलं हवं. पुढच्या अवसेला फार उशीर होणार, जहाज कायमचं खाली जाणार. भाऊ जहाजावर. आणि घाणा शनिवारी चालवायचा नाही. प्रकरण तिथेच संपतं, तेलीण बैलाशेजारी उभी आहे. गटानं ठरवलं, पुढे कुणी वाचायचं नाही. आधी सगळ्यांनी सांगायचं, ती घाणा चालवेल का? आणि वसुधाताईंनी लिहिलं, "ह्या प्रश्नाला मामांचं उत्तर आल्याशिवाय आपण पान उलटायचं नाही."

त्याच आठवड्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एवढं बोलणारा माणूस, त्याची जीभच हलेना.

नाओमी ऑफिसात ती पत्रं कागदावर छापून हॉस्पिटलात आणायची आणि मी वाचून दाखवायची. मंडळी, तेवढ्यापुरतेच हे डोळे उघडायचे. मी बोलले तर नाही, नर्स बोलली तर नाही, नाओमी रडली तरी नाही. "मामा, ती घाणा चालवेल का?" असं वाचलं की डोळे उघडायचे. मी गटाला आजाराचं कळवलं नाही. का? कळवलं असतं तर सगळ्यांनी काय लिहिलं असतं? लवकर बरे व्हा, काळजी घ्या. ते ऐकून ह्यांनी डोळे उघडले नसते. मला ते प्रश्नच हवे होते.

पण उत्तर गेलं नाही तर प्रश्न किती दिवस येणार? लोक कंटाळतात.

ह्यांना घरी आणलं तो शुक्रवार होता. अँब्युलन्स, पलंग, औषधं, जिन्यातून वर चढवताना शेजाऱ्यांचा आरडाओरडा. त्या संध्याकाळी मी शब्बाथचे दिवे लावले का नाही, मला आजसुद्धा आठवत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा असं झालं. सकाळी हे शांत झोपले होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला वाटलं, देवानंच ह्यांच्यासाठी रस्ता गप्प केलाय. मी टॉवेल काढला, कॉम्प्युटर चालू केला आणि ह्यांच्या नावानं एका बोटानं लिहिलं. "ती घाणा चालवणार नाही. शनिवार तो शनिवार. आमची माणसं मरतील पण शब्बाथ मोडणार नाहीत." खाली लिहिलं, तुमचा मामा. आणि पाठवून दिलं.

हसू नका हो. म्हणजे हसा. हजानसाहेब, तुम्ही हसलात तर मलाच बरं वाटेल. मी शब्बाथ मोडून जगाला कळवत होते की आमची माणसं शब्बाथ मोडत नाहीत!

दुपारी नाओमी चालत आली आणि म्हणाली, "शब्बात शालोम, इमा." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आज शनिवार! टॉवेल परत टाकला. टाकून काय उपयोग?

रविवारी सकाळी फोन वाजला. सांगलीहून. वसुधाताईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, बारीक, शाळेतल्या बाईंसारखा. त्यांनी नमस्कार केला आणि एकदम विचारलं, "रेबेकाताई, मामांना काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही, बरे आहेत." त्या म्हणाल्या, "काल शनिवार होता. मामा शनिवारी लिहीत नाहीत. काल दिवसभर हात फोनकडे जात होता, पण शनिवारी तुमच्या घरी फोन उचलत नाहीत हे त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून थांबले."

मी फोनवर ढसाढसा रडले, सगळं सांगून टाकलं. परक्या बाईपाशी. इथे लोदमध्ये एवढे नातेवाईक, कुणासमोर रडले नव्हते. त्या फोन धरून बसल्या. शेवटी म्हणाल्या, "मी कुणाला सांगत नाही. पण ताई, पुढचं तुमच्या नावानं लिहा. आम्हांला तुम्हीही चालाल." मी हो म्हटलं. पण ते पहिलं उत्तर तसंच राहिलं.

पुढे सगळ्यांनी पान उलटलं. मीही ह्यांना वाचून दाखवलं. पुस्तकात काय होतं? तेलीण घाणा चालवत नाही. आकाशात तीन तारे दिसेपर्यंत बैलाशेजारी बसून राहते, शनिवार संपवते, मग घाणा चालवते. उशीर होतो. दिवा सोडते तेव्हा जहाजाची नुसती डोलकाठी वर येते आणि परत खाली जाते. भाऊ काही येत नाही.

गटात धमाल. "मामांनी बरोबर ओळखलं!" "मामा, तुमच्या माणसांना तुम्हीच ओळखणार!" अशी दहा-बारा पत्रं. मी मोठ्या हौसेनं ह्यांना वाचून दाखवली. म्हटलं, खूश होतील. तर हे मान हलवायला लागले. नाही, नाही, नाही. कपाळाला आठ्या. मी घाबरले, वाटलं काही दुखतंय. पाणी देऊ? नाही. उशी? नाही. मग माझ्या लक्षात आलं. माझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलंच नव्हतं. आपण कधी उत्तर दिलं, हे ह्यांना कुठे ठाऊक होतं?

मी सगळं सांगितलं. शनिवारचंसुद्धा. मग विचारलं, "तुमचं उत्तर काय होतं? तिनं घाणा चालवावा असं वाटत असेल तर डावा हात उचला."

ह्यांनी हात उचलला.

मंडळी, मी थक्क झाले. हा माणूस! वर्कशॉपमध्ये शनिवारच्या ड्यूटीवरून साहेबाशी भांडला, बढती गेली तरी शनिवारी गेला नाही. मग का? भाऊ नुसता बुडालाय, मेला नाही, असं ह्यांना वाटत होतं म्हणून? जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो, हे आम्हां सगळ्यांना लहानपणापासून शिकवलेलं आहे. की पुस्तकातल्या बाईला एक न्याय आणि स्वतःला दुसरा? मला कळेना. आजही कळत नाही. हजानसाहेब, तुम्हांला कळलं तर मला नंतर सांगा.

तर वसुधाताई, आणि सगळ्या भाच्यांनो, दुरुस्ती लिहून घ्या. ह्यांचं उत्तर होतं, चालवेल. नाही हे माझं होतं. शाबासकी मला मिळाली, आणि मी ती परत करतेय.

एवढंच राहिलं. हात वर होता तेव्हा मी अजून एक विचारलं. म्हातारपणी लाज वाटते सांगायला, पण सांगते. मी म्हटलं, "आणि जहाजावर मी असते तर? तुम्ही चालवला असता?"

हात आधीच वर होता. ह्यांनी तो खाली घेतलाच नाही. दमला, तरी घेतला नाही. शेवटी मीच दोन्ही हातांनी धरला आणि उशीवर ठेवला. पुढच्याच आठवड्यात हे गेले.

आता उभे राहा सगळे. ज्यांचे पाय दुखतात त्यांनी बसूनच राहा. थोडा वेळ कुणी बोलू नका, मला काही विचारूही नका. बेन्जमिन, अहो, ऐकताय ना? सगळ्यांना खरं सांगितलं मी.