चौथी दुरुस्ती

नाय कळायचं म्हणे तुम्हाला — का नाय कळायचं? बापाला नाय कळायचं, असं तोंडावर बोलली आमची भक्ती, आणि गेली छाणीला मामाकडे, आज चौथा दिवस, फोन उचलत नाय — अगं, तीस वर्षं गोरव्याच्या कारखान्यात ब्लोअरचे पंखे बॅलन्स करतोय हा सुभान, आठवी नापास असला म्हणून काय झालं? नको, पाणी नको, सर. बसत पण नाय. हिंचक्यावर झोके घेत तुम्हीच बसा, मी बसलो की डोकं जास्त फिरतं.

तुम्ही तिचे गाइड, तुम्हाला मी काय शिकवणार. पण पोरगी मला ओट्यावर बसून समजावत होती, तेव्हा मी ऐकलं नाय, आता घर रिकामं झाल्यावर ऐकू येतंय. धातूत ते इलेक्ट्रॉन असतात, मोजता येणार नाय इतके. सगळ्यांचं एकदम गणित कुणाच्या बापाला जमत नाय. मग तुम्ही लोक धरून चालता, की जो तो एकटा, कुणाचं कुणाशी देणंघेणं नाय. तेवढं सुटतं. मग एकाचा दुसऱ्याला धक्का लागतो त्याची दुरुस्ती, थोडीशी — मग तिच्यावर आणखी दुरुस्ती, आणखी थोडी — पर्टर्बेशन का काय ते, माझी जीभ वळत नाय. बरोबर ना? अहो, आम्ही दुसरं काय करतो? पंखा थरथरला, पात्याला एक वायसर वेल्ड केला, फिरवून बघितला, मग त्याहून छोटा वायसर. दर वेळी छोटा. पहिल्यापेक्षा दुसरा मोठा लागायला लागला ना, की समजायचं, पात्यांचा दोष नाय, शाफ्टच वाकडा आहे. आणि भक्तीचं काय झालं? पहिलीहून दुसरी दुरुस्ती मोठी, दुसरीहून तिसरी मोठी. ती म्हणते, खूप थंड केलं की हे एकटे राहतच नाहीत, जोडीनं फिरतात — एकटे धरून किती पण दुरुस्त्या करा, जोडी हाती लागायची नाय, जोडीपासूनच सुरू केलं पाहिजे. तुम्ही म्हणालात, चौथी करून बघ. दीड वर्ष चौथीत गेलं, सर. दीड वर्ष.

काय? मग तिनं तोंड का नाय उघडलं? — उघडलं असतं. तोंड माझंच आहे तिला. पण मी इथं आलो होतो ना, त्या दिवाळीला, लीलो चेवडोचं पाकीट घेऊन, आठवतंय? तुमच्या पाया पडलो, म्हटलं, पोरगी तुमच्या हवाली, तुमच्या शब्दाबाहेर जायची नाय, हा सुभानचा शब्द. आम्ही शिपाईगडी माणसं, आजा सरकारच्या पागेत होता, शब्द दिला की दिला. तिला तुमची नाय हो, माझ्या शब्दाची भीती. म्हणून गप्प बसून वायसर लावत बसली.

ही तिची चोपडी. हे पान बघा, जोडीपासून सुरू केलेलं. चिकटपट्टी मी लावली — फाडलं पण मीच. सोमवारी. ती म्हणाली चौथी बंद, मी म्हटलं माझ्या अब्रूचं काय, आणि हात — ते जाऊ द्या. वाचता येतंय ना? मधला एक तुकडा उरलाय, खिशात आहे, हा घ्या. कुठं लावायचा ते कळलं नाय मला. सरळ का उलटा, ते पण नाय कळलं.

असं काय बघताय? पानाकडे बघा. — बरोबर आहे ना? सुरुवात तरी बरोबर आहे ना? मग.

उद्या सकाळी अकराला ती पीएचडीतनं नाव काढून घ्यायचा अर्ज देणार, मेव्हणा सांगत होता. मी गेलो तर दार उघडायची नाय. माझा शब्द मला परत घ्यायचाय, तिच्यासमोर, आणि चौथी बंद हे तुमच्या तोंडून यायला पाहिजे. फोन? फोन नको. उद्या पण नको.

खाली रिक्षा उभी आहे. चप्पल घाला, सर.