सत्तावीस नंबरच्या जागेचा आकडा

नाव : बागास प्रयोगो. वय २२. धंदा : जमीन-मोजणी पथकात रोजंदारी, कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडले. राहणार : सितंबागा वाडी, मध्य जावा.

कोणी न बोलावता ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

डोंगराखालच्या वाफेवर वीज करण्यासाठी कंपनी जमिनीतल्या भेगा शोधत होती. गुरुत्व मोजायचे यंत्र जागोजागी ठेवायचे. खाली खडक फुटलेला असला की आकडा घटतो. यंत्र मी वाचायचो, वहीत विगाती लिहायची. विगाती ही वाडीतले शेतकरी पाक (म्हणजे वडीलधारे) कारसोनो यांची मुलगी, वय २१; मला मानाने 'मास' म्हणायची. काटा स्थिरावेपर्यंत दोघांनी हलायचे नाही, हा नियम.

ता. ९ जून, सकाळी साडेदहा. सत्तावीस नंबरची जागा त्यांच्याच बटाट्याच्या शेतात होती. मी लग्नाचे विचारले. ती म्हणाली, "मास, आधी कॉलेज पुरं कर. बाबांना काय सांगू, जावई दगड मोजतो?" आणि हसली. मी पाय आपटत फिरलो. काटा ठरेना. "थांब की जरा, मग रुस," म्हणाली. मी थांबलो नाही. सव्वीसचाच आकडा थोडा फिरवून सांगितला. तिने लिहिला.

नकाशात भेग शेताबाहेरून गेली. पाक कारसोनोंनी शेतात पाण्यासाठी खड्डा घ्यायच्या आधी मला विचारले, "नकाशा खात्रीचा ना?" मी हो म्हणालो. भेगेतून येणाऱ्या वायूला वास नसतो, तो खड्ड्यात साचतो. म्हणून आमच्याकडे आधी पेटती चूड सोडून बघतात, विझली तर कोणी उतरत नाही. त्या दिवशी सोडली नाही. नकाशा होता.

ता. २ ऑगस्ट, सकाळी सात वाजता विगाती बादली काढायला उतरली. पावणेआठला दोरीने वर काढली. पायात एकच चप्पल होती.

ता. ५ रोजी भर दुपारी मी यंत्र घेऊन एकटा तिथे गेलो. तासभर हललो नाही. वारा नव्हता, माणूस नव्हता. तरी शेजारून कोणी फिरत असावे तसा काटा हलत राहिला. "थांब की जरा," मी म्हणालो. मग ठरला. आकडा फार खाली होता.

हवालदारसाहेब म्हणाले, "घरी जा, पोरा. प्रेमभंगाला कलम नाही." हेही लिहावे. उद्या सकाळी त्याच शेतात, दहा पावलांवर, दुसरा खड्डा खणणार आहेत. काल पाक कारसोनोंनी मला जेवू घातले, तिच्या वाटणीचे टेंपे, सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, माझ्या ताटात वाढले. आकड्याचे माझ्या तोंडून निघाले नाही. आजही त्यांनीच मोटारसायकलवर आणले. तिच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आलोय असे त्यांना वाटते. बाहेर बाकावर बसले आहेत.

जबाब मला वाचून दाखवला. सांगितला तसाच आहे. सही केली. आता दार उघडून हाच पुन्हा एकदा, मोठ्याने वाचावा.