होळीच्या माळावरची अंडी

(सातपाटीपलीकडचा खाडीकाठचा कोळीवाडा. होळीची दुपार. नलू ओट्यावर नारळ सोलते आहे. तिची मुलगी हेमांगी धावत आली आहे.)

हेमांगी : नारळ राहू दे गं आई! बाबा कुठं गेले ते सांग आधी.

नलू : कुठं म्हंजे? होळीचा खड्डा खणायला. खांब उभारायचा मान आपल्या घराचा हाय. बोईसरच्या कॉलेजात जाऊन इसरलीस?

हेमांगी : तिथंच कासवाची अंडी आहेत आमची!

नलू : तुमी पोरांनी काठ्या ठोकल्यात, ती?

हेमांगी : हो. कासविणीनं पार पाण्याजवळ घातलेली. भरती अंगावर येत होती, म्हणून वनखात्याच्या माणसाबरोबर आम्ही ती वर नेली. बॅटरीच्या उजेडात उंच, कोरडी जागा दिसली, तिथं पुरली.

नलू : होळीचा माळ तो! तुझ्यासंगं होता तो कॉलेजातला विपुल कॉलनीतला, त्याला नाय कळायचं. तू तं इथं जन्मलीस!

हेमांगी : चुकलं माझं. घाईत उंची तेवढी बघितली.

नलू : उंच, कोरडा, भरतीच्या वर. म्हणून तं म्हाताऱ्यांनी होळी तिथं लावली. आता उचला नि न्या दुसरीकडं.

हेमांगी : तेव्हा ताजी होती. आता आत पिल्लं धरलीत, हलवली की मेली. वर जाळ पेटला तर भाजतील. आठवडाभरात निघायची होती गं! कुत्री हाकलून हाकलून जपली. होळीच जरा बाजूला घ्या ना.

नलू : उचलली जीभ, लावली टाळ्याला! होळी जागची हलली तं दर्या आपला पाडा ओळखत नाय. सुजीतची लग्नानंतरची पयली होळी ही. आज नवी सून फेरे घालणार, परवा तो बोट घेऊन जाणार. तुझी कासवं शंभर असतील, माझा पोरगा एकच हाय.

हेमांगी : दादा माझा कोणीच नाही का? मलाही भीती वाटते. पण ती पिल्लं मी तिथं आणून ठेवलीत, आई. मी जाते माळावर.

नलू : जाऊन काय करशील? पंचांशी भांडशील? थांब, बाबाच आले बघ.

हेमांगी : बाबा! खणला खड्डा?

नामदेव : खणला. पानी दे गो आधी.

हेमांगी : कुठं खणला?

नामदेव : तिकडं, सुरूच्या झाडांपल्याड, मोकळ्यात. तुझ्या काठ्यांपासून लांब.

नलू : काय बोलता! होळी हलवलीत?

नामदेव : पहार उचलली नि हिचा तो फाटका दुपट्टा दिसला, काठीला बांधलेला. नाय मारवली.

नलू : आणि पंच गप बसले?

नामदेव : गप कसले! शिव्या घातल्या. शेवटाला म्हणाले, वरसात बोटीला काय झालं तं नामदेवच्या दारात येऊ.

हेमांगी : मग तुम्ही काय म्हणालात?

नामदेव : या म्हटलं.

नलू : माझ्या पोराच्या जिवावर 'या' म्हटलंत?

नामदेव : त्याच्या कशाला? यंदा सुजीत बोटीवर नाय जायचा. जाळी बघील, बाजार बघील. मी जातो.

हेमांगी : बाबा, गुडघ्यापायी बोट सोडलीत ना तुम्ही?

नामदेव : सोडली ती धरीन परत.

नलू : ओटा चढताना भिंत धरावी लागते, नि म्हणे बोट धरतो. बसा हितं. पाय लांब करा, तेल आणते.