मोठ्या नदीचं नाव

आखाती युद्धात भीती वाटली का म्हणून काय विचारता? घाबरायला फुरसत तर मिळायला हवी!

तेव्हा मी रियाधच्या एका हॉस्पिटलात नर्स होते. आमच्याकडे एक डॉक्टर नवरा-बायको होते. तो फिनलंडचा फिनिश, ती तिथल्याच उत्तरेकडच्या सामी लोकांतली. क्षेपणास्त्राचा भोंगा झाला की आम्ही तिघं गॅसचे मास्क लावून औषधांच्या खोलीत बसायचो. एकदा तिथेच दोघांची जुंपली, तिच्या माहेरच्या नदीवरून.

ती म्हणाली, "नाव आमचंच. आमच्या भाषेत देअत्नू, म्हणजे मोठी नदी. तुम्ही लोकांनी त्याचं तेनो केलंत आणि मागे तुमचं योकी, म्हणजे पुन्हा नदीच, जोडलंत. झाली मोठी नदी नदी!"

त्याने चक्क मास्क वर सरकवला. "मोठ्या नदीला 'मोठी नदी' असं नाव कोण ठेवतं? काहीतरी खोल अर्थ असणार."

"डॉक्टर, मास्क लावा आधी!" मी ओरडले. बाहेर धडाम् झालं, बाटल्या खणखणल्या, पण हा माझ्याकडेच वळला.

"सिस्टर, तुमच्या गावच्या नदीचं नाव काय?"

"नदी."

"नाव विचारतोय मी."

"अहो, आमच्या कोकणात नदीला नदीच म्हणतो आम्ही."

"एकच असेल, म्हणून!"

"दोन आहेत की. दुसरीला म्हणतो मोठी नदी."

बायकोने शांतपणे त्याचा मास्क खाली ओढला.

धोका टळल्याचा भोंगा झाला. आम्ही दोघींनी मास्क काढले. त्याचा मात्र बराच वेळ तोंडावरच होता.